विश्लेषण : पट्ट्या नसलेला गाऊन घसरत का नाही? ‘कुटूर’ शिलाईत पैसे नेमके कशाचे?

डिसेंबर २०१८ मध्ये जोधपूरच्या उमेद भवन पॅलेसमध्ये प्रियांका चोप्रा आणि निक जोनास यांचा ख्रिस्ती पद्धतीने विवाह झाला, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती वधूच्या ७५ फुटी व्हेलची. राल्फ लॉरेनच्या त्या पेहरावाबाबतची दुसरी संख्या मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. तो गाऊन तयार करायला १,८२६ तास लागले होते. एकाच कारागिराने रोज आठ तास काम केले असे धरले, तर हे २२८ दिवसांचे काम झाले. आज लग्नाच्या स्वागत समारंभासाठी गाऊन शिवून घेणाऱ्या मुली लहान शहरांतही आहेत आणि ‘कुटूर’ हा शब्द बुटीकच्या पाट्यांवर सर्रास दिसतो. पण एक गाऊन दहा हजारांत मिळतो आणि साधारण तसाच दिसणारा दुसरा लाखाच्या घरात जातो, तो का? याचे उत्तर गाऊन बाहेरून पाहून मिळत नाही. तो उलटा करून पाहावा लागतो.

‘कुटूर’ म्हणजे काय?

‘कुटूर’ या फ्रेंच शब्दाचा साधा अर्थ शिवणकाम. ‘ओत कुटूर’ म्हणजे उच्च दर्जाचे शिवणकाम. या व्यवसायाला आजचे रूप दिले ते चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने. त्याने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपले दुकान थाटले. त्यापूर्वी गिऱ्हाईक कापड आणि कल्पना घेऊन शिंप्याकडे जात असे. वर्थने स्वतःच्या कल्पनेचे पोशाख आधी तयार करून दाखवायला आणि मग गिऱ्हाइकाच्या मापाने शिवून द्यायला सुरुवात केली.

फ्रान्समध्ये ‘ओत कुटूर’ हा शब्द १९४५ पासून कायद्याने संरक्षित आहे. ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या संस्थांनाच तो वापरता येतो. व्यक्तिगत गिऱ्हाइकाच्या मापाने शिलाई, त्यासाठी प्रत्यक्ष फिटिंग, पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा, तिथे पूर्णवेळ कारागीर आणि वर्षातून दोनदा नव्या पोशाखांचे सादरीकरण, हे त्यातील मुख्य निकष. राहुल मिश्रा हे जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या कुटूर सप्ताहाच्या अधिकृत वेळापत्रकात स्थान मिळवणारे पहिले भारतीय डिझायनर ठरले.

हे संरक्षण फ्रान्सपुरते आहे. आपल्याकडे कोणीही पाटीवर ‘कुटूर’ लिहू शकते. त्यामुळे शब्दापेक्षा पद्धत पाहणे महत्त्वाचे. ती पद्धत एका वाक्यात सांगायची तर, एका व्यक्तीच्या शरीरासाठी, शक्य तेवढे काम हाताने आणि आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच मन लावून.

खरे कापड कापण्याआधी मांजरपाट का कापतात?

कुटूर कार्यशाळेत रेशमाला कात्री लागण्याआधी तोच गाऊन साध्या मांजरपाटात शिवला जातो. या नमुन्याला फ्रेंचमध्ये ‘त्वाल’ म्हणतात. मोठ्या कार्यशाळांत नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी कापडी पुतळा ठेवतात आणि त्यावर कापूस व पट्ट्यांचे थर चढवून तो तिच्या मापाचा करतात. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो, पाठीला किंचित बाक असतो, कमरेच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. हे मापाच्या टेपवर कळत नाही, पुतळ्यावर कळते.

मांजरपाटाचा नमुना अंगावर चढवला की शिंपी त्यावर पेन्सिलने रेघा ओढतो, जिथे झोळ पडतो तिथे टाचण्या लावतो, जिथे ताण येतो तिथे कापून मोकळे करतो. मग तो नमुना उसवून सपाट करतात आणि त्यावरून कागदी आराखडा काढतात. म्हणजे चुका स्वस्त कापडावर होतात. मीटरला काही हजार रुपये मोजून आणलेल्या सॅटिनवर एकदा कात्री चालली की ती चूक भरून निघत नाही.

आपल्याकडचे अनेक कुशल शिंपी अंगावरचे माप घेऊन थेट कापड कापतात. ब्लाऊज किंवा सलवार-कमीजसाठी त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण खांद्याचा आधार नसलेल्या, जमिनीपर्यंत लोळणाऱ्या आणि काही किलो वजनाच्या पोशाखात अर्ध्या इंचाची चूकही दिवसभर जाणवते.

शिंपी ‘माया’ एवढी का सोडतात?

शिलाईच्या पलीकडे आतल्या बाजूला सोडलेल्या जादा कापडाला मराठी शिंपी ‘माया’ म्हणतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती साधारण एक सेंटिमीटर असते, कारण कापड वाचवणे हाच तिथला नफा. कुटूर पद्धतीत ती एक इंच किंवा त्याहूनही अधिक सोडतात. कापड कापून झाल्यावर कडा ओबडधोबड असली तरी चालते, कारण शिवणारी व्यक्ती कडेकडे पाहत नाही. शिवण कुठून जाणार, ती रेघ प्रत्येक तुकड्यावर आधीच रंगीत दोऱ्याच्या धावदोऱ्याने आखलेली असते. खडूची खूण पुसली जाते, कार्बनचा डाग राहू शकतो. दोरा मात्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो आणि काम झाल्यावर निघून जातो.

सगळे तुकडे आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात. पहिले फिटिंग याच कच्च्या गाऊनचे होते. नंतर तो पुन्हा पूर्ण उसवतात, रेघा दुरुस्त करतात आणि मगच पक्की शिलाई घालतात. शिवून उसवणे हा इथे वेळेचा अपव्यय मानला जात नाही. मोठी माया सोडल्याचा आणखी एक फायदा असा, की लग्नापर्यंत वधूचे वजन कमी-जास्त झाले तरी गाऊन सैल किंवा घट्ट करता येतो. पुढे तोच गाऊन बहिणीला किंवा मुलीला घालायचा असेल, तर ही माया उपयोगी पडते.

पट्ट्यांविना गाऊन टिकतो कसा?

बहुतेकांचा समज असा, की पट्ट्या नसलेला गाऊन छातीवर घट्ट बसवलेला असतो म्हणून टिकतो. स्वस्त गाऊन खरोखरच तसे शिवलेले असतात, आणि म्हणूनच अनेक वधू स्वागत समारंभात दर पाच मिनिटांनी गाऊन वर ओढताना दिसतात. छाती घट्ट आवळली तरी श्वास घेताना, हात उचलताना, वाकताना तिचा घेर बदलतो. त्यात खाली जड स्कर्ट लोंबत असतो. त्यामुळे गाऊन घसरणारच.

चांगल्या गाऊनचे वजन कमरेवर पेललेले असते. आपल्याला हे तत्त्व नवे नाही. नऊवारी नेसताना सगळा भार कमरेच्या गाठीवर असतो. ती गाठ पक्की बसली, की लुगडे दिवसभर जागचे हलत नाही.

गाऊनमध्ये ही गाठ म्हणजे आतून लावलेली एक पट्टी. ती न ताणणाऱ्या जाड विणीच्या ग्रोग्रेन रिबनची असते, कमरेच्या अगदी बारीक भागावर बसते आणि पाठीमागे हूक लावून बंद होते. ती गाऊनला सलग शिवत नाहीत, ठरावीक जागीच टाकते आणि टोके मोकळी ठेवते. गाऊन घालताना आधी ही आतली पट्टी लावायची, मग पाठीची चेन वर करायची. ताण पट्टी घेते, त्यामुळे चेनवर जोर येत नाही आणि ती ऐन वेळी फाटत नाही. खालचा स्कर्ट कमरेला लटकतो, कारण खाली नितंबांचा घेर मोठा असल्याने पट्टी तिथून खाली उतरू शकत नाही.

कमरेच्या वरचा भाग उभा ठेवायचे काम आतली चोळी करते. ती सुती जाळीची किंवा पातळ पण भक्कम कापडाची असते आणि बाहेरच्या कापडापासून स्वतंत्र शिवलेली असते. तिच्या शिवणींवर उभे बोगदे करून त्यांत ‘बोन’ सरकवतात. मांडवाचे खांब जसे कनातीला उभे धरतात, तसे हे बोन कापडाला उभे धरतात. बोन म्हणजे हाड. पूर्वी त्यासाठी व्हेलच्या तोंडातील लवचीक पट्ट्या वापरत, म्हणून हे नाव पडले. आता पोलादाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. पोलादाची सपाट पट्टी पुढे-मागेच वाकते, तर तारेच्या वेटोळ्यांची पट्टी बाजूलाही वळते. म्हणून छातीच्या वळणावर वेटोळ्याची आणि पाठीला सपाट पट्टी लावतात. हलक्या प्रतीचे प्लॅस्टिक शरीराच्या उष्णतेने वाकते आणि मग त्याच आकारात राहते. तासाभराने बरगड्यांत टोचू लागणारा गाऊन बहुधा याच प्रकारचा असतो.

कमरेला पाया, त्यावर उभे खांब आणि वरच्या कडेला बेताची पकड. पट्ट्यांविना गाऊन टिकतो तो या तिन्हींच्या जोरावर.

स्कर्टचा घेर फुललेला कसा राहतो?

पातळ रेशीम स्वतःहून फुलत नाही. त्याला आतून आधार द्यावा लागतो. त्यासाठी बाहेरच्या कापडाच्या प्रत्येक तुकड्यामागे त्याच आकाराचा रेशमी ऑर्गंझाचा तुकडा ठेवून दोन्ही हाताच्या टाक्यांनी एकत्र करतात आणि पुढे ते एकच कापड समजून शिवतात. हे अस्तर नव्हे. अस्तर शेवटी वेगळे लागते. ऑर्गंझाची ही जोड कापडाला अंग देते, चुण्या पडण्याचे प्रमाण कमी करते आणि एक मोठी सोय करून देते. खालची कड दुमडून शिवताना सुई फक्त ऑर्गंझात घालता येते. त्यामुळे बाहेरच्या कापडावर एकही टाका उमटत नाही. गाऊनची खालची कड कोणत्याही दोऱ्याशिवाय दुमडल्यासारखी दिसते, त्यामागचे कारण हेच.

कडेच्या आत घोड्याच्या केसांच्या विणीची पट्टी लावण्याची जुनी पद्धत आहे. आता ती पट्टी नायलॉनची असते, पण तिचे इंग्रजी नाव अजूनही ‘हॉर्सहेअर’च आहे. तिच्यामुळे कड लाटेसारखी उभी राहते आणि चालताना पायात येत नाही.

किती काम असते, याचा अंदाज एका साध्या गणिताने येतो. कमरेचे माप ६६ सेंटिमीटर आणि लांबी १०५ सेंटिमीटर असलेला पूर्ण गोल घेराचा स्कर्ट घेतला, तर त्याची खालची कड सुमारे सव्वासात मीटर भरते. एका सेंटिमीटरला तीन टाके धरले, तरी कड दुमडायला दोन हजारांहून अधिक टाके हाताने घालावे लागतात. हा फक्त बाहेरचा थर. आतल्या नेटचे थर आणि अस्तर वेगळे.

लेसच्या गाऊनमध्ये शिवण का दिसत नाही?

साधे कापड दोन तुकड्यांत कापून जोडले, तर शिवणीची एक रेघ दिसते आणि ती खटकत नाही. लेसमध्ये मात्र फुलाच्या मधोमध रेघ आली, की नक्षी तुटते. कुटूर पद्धतीत लेसचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवतात, नक्षीतील फुला-पानांच्या कडेने कापतात आणि त्या वळणदार कडेवरच बारीक टाके घालतात. शिवण नक्षीत विरून जाते.

याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे २९ एप्रिल २०११ रोजी केट मिडलटन यांनी घातलेला गाऊन. अलेक्झांडर मॅक्वीनच्या सारा बर्टन यांनी तो तयार केला. लेसमधील फुले कापून रेशमी जाळीवर हाताने बसवण्याचे काम लंडनच्या हॅम्प्टन कोर्ट पॅलेसमधील रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कने केले. लेस आणि दोरा मळू नये म्हणून तिथल्या कारागीर दर अर्ध्या तासाने हात धूत आणि दर तीन तासांनी सुई बदलत. बोथट झालेली सुई रेशमाचा धागा ओढते, म्हणून ही काळजी. पाठीवर कापड मढवलेली ५८ बटणे होती आणि ती अडकवायला काजांऐवजी कापडाच्या बारीक नळीचे फासे होते.

मग साधा गाऊन स्वस्त असतो का?

नाही. अनेकदा उलटे असते. मणी, टिकल्या, लेस यांखाली शिवणीतला दोष झाकला जातो. साध्या कापडात तो लपत नाही. मेगन मर्कल यांनी १९ मे २०१८ रोजी घातलेल्या जिव्हॉन्शीच्या गाऊनवर भरतकाम नव्हते. क्लेअर वेट केलर यांनी तो फक्त सहा शिवणींत बसवला होता. भरतकाम होते ते पाच मीटर लांबीच्या व्हेलवर. त्यात राष्ट्रकुलातील ५३ देशांची फुले-पाने होती आणि भारतासाठी कमळ होते. इतक्या कमी शिवणींत कापड अंगावर बसवायचे, तर प्रत्येक शिवणीचे वळण नेमके असावे लागते.

कापडाची निवड चुकली, तर उत्तम शिलाईही वाचवू शकत नाही. २९ जुलै १९८१ रोजी लेडी डायना सेंट पॉल कॅथेड्रलपाशी बग्गीतून उतरल्या, तेव्हा त्यांच्या गाऊनची २५ फुटी रेशमी टाफेटाची शेपूट चुरगळलेली जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. टाफेटा कडक आणि चमकदार असतो, पण त्यावर पडलेली घडी लवकर जात नाही. तेवढे कापड बग्गीच्या अरुंद जागेत कोंबल्यावर दुसरे काही होणार नव्हते.

उरेब कापडाचे तंत्र आणखी वेगळे. उभ्या-आडव्या धाग्यांना तिरके, म्हणजे ४५ अंशांत कापलेले कापड ताणले जाते आणि अंगाच्या वळणावर आपोआप बसते. मादलेन व्हियोने या फ्रेंच डिझायनरने १९२० आणि ३०च्या दशकांत अख्खे गाऊन असे कापले. ती आधी लाकडाच्या छोट्या पुतळ्यावर नमुना बसवून पाहत असे. पण उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली लांबते, आणि सगळीकडे सारखे लांबत नाही. म्हणून असा गाऊन कड दुमडण्यापूर्वी किमान एक दिवस टांगून ठेवावा लागतो. त्यानंतर जमिनीवर पट्टी उभी धरून, जमिनीपासून वर मोजत कडेची खूण करतात. घाईत शिवलेल्या उरेब गाऊनचा घेर दुसऱ्याच दिवशी खालीवर दिसतो, तो हा एक दिवस वाचवल्यामुळे.

यंत्र असताना हाताचा हट्ट कशाला?

कुटूर कार्यशाळेत शिवणयंत्र वापरत नाहीत, हा गैरसमज आहे. लांब सरळ शिवणी यंत्रावरच घालतात. हात लागतो तो जिथे कापडाला वळवायचे, दाबायचे किंवा थोडे सैल सोडायचे असते तिथे. यंत्राची टीप दोन दोऱ्यांनी कापडाला दोन्ही बाजूंनी आवळते. हाताचा टाका थोडा सैल ठेवता येतो, त्यामुळे शिफॉनसारखे कापड आक्रसत नाही. पाठीची चेन हाताने लावली, तर बाहेरून फक्त टिंबाएवढे टाके दिसतात आणि मणी भरलेल्या कापडावर यंत्राचा पाय फिरवण्याचा धोका टळतो. शिफॉनची कड बोटांत वळून त्यात टाके घालत जाणे आजही हाताने सर्वांत सुबक होते.

इस्त्री हाही शिलाईचाच भाग मानला जातो. प्रत्येक शिवण घातल्याबरोबर तिला वाफ देतात. आतली माया बाहेर उमटू नये म्हणून तिच्याखाली कागदाची पट्टी सरकवतात. मखमल तर सपाट टेबलावर दाबतच नाहीत, नाहीतर तिची लव कायमची बसते.

या सगळ्यात मुंबई कुठे आहे?

गाऊनची शिलाई पॅरिस-मिलानमध्ये होत असली, तरी त्यावरचे भरतकाम कित्येकदा मुंबईत झालेले असते. युरोपात हे काम ल्युनेव्हिल पद्धतीच्या हुकाने होते. त्यात कारागीर कापडाच्या उलट बाजूने काम करतो आणि मणी खालून बसत जातात. आपली आरी त्याच जातीची, पण ती सुलट बाजूने चालते. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून, चौघे-सहा कारागीर भोवती बसून आरी आणि जरदोसीचे काम करतात. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमधून आलेले बरेच असतात.

भरतकाम नेहमी आधी आणि कापणी नंतर होते. अड्ड्यावरच्या कापडावर गाऊनच्या तुकड्यांच्या रेघा आखून त्याच आकारात मणी भरतात. शिवणीची जागा मोकळी ठेवतात, कारण मण्यांवर सुई मोडते. तुकडे जोडल्यावर ती मोकळी जागा पुन्हा हाताने भरतात. तेव्हा कुठे नक्षी कुशीवरून सलग फिरल्यासारखी दिसते.

३० मार्च २०२३ रोजी डिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपला प्री-फॉल संग्रह सादर केला, तेव्हा हे नाते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उजेडात आले. करिष्मा स्वाली यांच्या नेतृत्वाखालील ‘चाणक्य’ या मुंबईच्या संस्थेचे काम त्यात होते. याच संस्थेने २०१६ मध्ये स्त्रियांना हस्तभरतकाम शिकवण्यासाठी शाळा सुरू केली. जरदोसीचे अड्डे परंपरेने पुरुषांचे असल्याने हा बदल छोटा नाही.

पण सगळ्याच कारागिरांच्या वाट्याला असा उजेड येत नाही. गाऊनच्या आत लावलेल्या पट्टीवर बहुधा शेवटची जोडणी जिथे झाली त्या देशाचे नाव येते. भरतकाम कोणत्या शहरात, कोणत्या अड्ड्यावर झाले ते नोंदले जात नाही. २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि श्रेयाचा प्रश्न महाराष्ट्रात गाजला. अड्ड्यावरच्या कारागिरांसाठी तो प्रश्न जुनाच आहे. फरक इतकाच, की चप्पल पाहताक्षणी ओळखू येते, टाका ओळखू येत नाही. पॅरिसच्या कार्यशाळांतील शिवणाऱ्या स्त्रियांना फ्रेंचमध्ये ‘छोटे हात’ म्हणतात. त्या निदान या नावाने तरी ओळखल्या जातात.

गोवा आणि वसईत गाऊन नवा आहे का?

अजिबात नाही. पांढऱ्या गाऊनची चाल जगभर रुळली ती राणी व्हिक्टोरियाने १० फेब्रुवारी १८४० रोजी विवाहात पांढरे सॅटिन घातल्यानंतर. आपल्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या शिवला जातो. गोव्यातील कॅथलिक लग्नांत नवरी चर्चमध्ये पांढरा गाऊन घालते आणि नंतर लाल रंगाचा ‘साडो’ चढवते. या साडोचे कापड लग्नाआधी घरी शिंप्याला बोलावून कापणे हाच एक कौटुंबिक विधी असे. कापड कापण्याला समारंभाचा मान देणारी ही प्रथा कुटूरच्या विचाराच्या फार जवळ जाणारी आहे. गोवा, वसई आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत गाऊन शिवणारे शिंपी पाटीवर ‘कुटूर’ लिहीत नाहीत. पण आतली पट्टी, नेटचे थर आणि मढवलेली बटणे हा त्यांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे.

गाऊन शिवायला टाकताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, दुकानात लावलेला एखादा तयार गाऊन उलटा करून दाखवायला सांगावे. आत कमरेची पट्टी आहे का, बोन कशाचे आहेत, त्यांची टोके झाकलेली आहेत का, माया किती सोडली आहे, हे दोन मिनिटांत कळते. जो कारागीर चांगले काम करतो, तो आतली बाजू दाखवायला कचरत नाही.

दुसरे, फिटिंग किती वेळा होणार ते आधी ठरवावे. मांजरपाटाचा नमुना, कच्चा गाऊन आणि शेवटचे फिटिंग असे किमान तीन टप्पे हवेत. मांजरपाटाचे वेगळे पैसे लागले तरी ते वाया जात नाहीत.

तिसरे, फिटिंगला जाताना लग्नात घालायच्या त्याच चपला आणि तेच अंतर्वस्त्र घालून जावे. टाचेच्या उंचीत एका इंचाचा फरक पडला, तर घेर जमिनीला लोळतो किंवा घोटा उघडा राहतो.

चौथे, आरशासमोर नुसते उभे राहू नये. खुर्चीवर बसावे, वाकावे, दोन्ही हात वर करावेत, चार पायऱ्या चढून पाहाव्यात. त्यानंतर गाऊन वर ओढावासा वाटला, तर कमरेची पट्टी सैल आहे किंवा नाहीच. अशा वेळी छाती आणखी घट्ट करून घेणे हा उपाय नव्हे.

पाचवे, मागे शेपूट असेल, तर समारंभानंतर ती वर उचलून अडकवायची सोय आहे का, ते विचारावे. आतून लावलेली काही बटणे आणि फासे यांवर हे काम भागते. ती सोय नसेल, तर जेवणाच्या पंगतीत आणि नाचताना शेपूट सगळ्यांच्या पायाखाली येते.

आणि शेवटचे, वेळ द्यावा. लग्नाला तीन आठवडे उरले असताना हाताने भरलेला गाऊन मागितला, तर त्याचे उत्तर दोनच प्रकारे मिळते. एक तर यंत्राच्या भरतकामाचा तयार कपडा त्यावर चिकटवला जातो, किंवा कोणत्या तरी अड्ड्यावर रात्री जागवल्या जातात. घासाघीस करून कमी केलेले पैसेही बहुतेकदा तिथूनच कापले जातात, कारण कापडाचा दर ठरलेला असतो आणि दुकानाचे भाडे कमी होत नाही.

भारी गाऊन सगळ्यांनीच घ्यावा असे नाही. एका संध्याकाळसाठी भाड्याने घेतलेला, मापात बसवून दिलेला साधा गाऊनही तितकाच शोभतो. पण जिथे ‘कुटूर’ म्हणून पैसे मागितले जातात, तिथे ते आतल्या पट्टीचे, सोडलेल्या मायेचे, उसवलेल्या टाक्यांचे आणि ते घालणाऱ्या हातांचे असायला हवेत. नुसत्या पाटीवरच्या शब्दाचे नव्हेत.